क्लारा शूमान : विस्मरणातून परत आलेला कॉन्चेर्टो



आज आपण एका जर्मन स्त्रीची जीवनकहाणी पाहणार आहोत. तिचे नाव क्लारा शूमान. पाश्चात्त्य संगीत ज्यांना थोडेफार माहीत आहे त्यांनी हे नाव नक्की ऐकलेले असते. पण बहुतेक वेळा दोनच ओळखींनी. एक म्हणजे रॉबर्ट शूमान या मोठ्या संगीतकाराची पत्नी आणि दुसरी म्हणजे एकोणिसाव्या शतकातली नामवंत पियानोवादक. ती स्वतः रचना करणारी संगीतकार होती, तेराव्या वर्षी हाती घेतलेला पियानो कॉन्चेर्टो तिने सोळाव्या वर्षी भर सभागृहात सादर केला होता, ही गोष्ट मात्र शंभरहून जास्त वर्षे फार थोड्या लोकांच्या लक्षात राहिली.

हा कॉन्चेर्टो हरवला नव्हता बरं का. तो जळला नव्हता की चोरीला गेला नव्हता. तो रीतसर छापलेला होता. फक्त कोणी तो वाजवत नव्हते. असे का झाले आणि तो परत कसा आला, ही हकिगत मुलांना शिकवणाऱ्या आणि वाढवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

आधी कॉन्चेर्टो म्हणजे काय ते पाहू

कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि त्याच्यासोबत मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना. कधी वाद्यवृंद बोलतो, कधी एकटा वादक उत्तर देतो, कधी दोघे मिळून पुढे जातात. साधारणपणे तिचे तीन भाग असतात. पहिला भाग जोरकस, दुसरा संथ आणि तिसरा पुन्हा वेगवान.

आपल्याकडे गायक किंवा वादक रागाच्या चौकटीत ऐन मैफलीत नवनवीन मांडणी करतो. पाश्चात्त्य पद्धतीत तसे नसते. तिथे संगीतकार प्रत्येक वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजवायचा हे आधीच कागदावर लिहून ठेवतो. त्या लिहिलेल्या स्वरलिपीवरून शंभर-दोनशे वर्षांनीही ती रचना जशीच्या तशी वाजवता येते. पण याची दुसरी बाजूही आहे. कोणी ते कागद उघडलेच नाहीत, तर ती रचना असूनही नसल्यासारखीच. क्लाराच्या कॉन्चेर्टोचे नेमके हेच झाले.

ज्या काळात तो लिहिला गेला त्याला युरोपच्या संगीतात रोमँटिक काळ म्हणतात. साधारण एकोणिसावे शतक. या काळातल्या संगीतात माणसाच्या मनातल्या भावनांना, कल्पनेला मोठे स्थान मिळाले. शोपँ, मेंडेल्सोन, रॉबर्ट शूमान, ब्राम्स ही या काळातली मोठी नावे. क्लारा या सगळ्यांना प्रत्यक्ष ओळखत होती.

जन्म आणि बालपण

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. वडील फ्रीडरिश वीक हे पियानोचे शिक्षक होते आणि त्यांचे पियानो विकण्याचे दुकानही होते. आई मारियाने ही उत्तम गायिका आणि पियानोवादक होती.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. क्लारा चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. तिला नीट ऐकू येत नाही, असाच घरच्यांचा समज झाला होता. घरात आईवडिलांचे पटत नव्हते. १८२४ मध्ये आईने घर सोडले आणि पुढच्या वर्षी घटस्फोट झाला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुलांवर हक्क वडिलांचा, म्हणून पाच वर्षांची क्लारा वडिलांकडे राहिली. आईने पुन्हा लग्न केले आणि ती पुढे बर्लिनला गेली. आई आणि मुलगी यांच्या भेटी क्वचितच होत राहिल्या.

याच सुमारास वडिलांनी क्लाराला पियानो शिकवायला सुरुवात केली. बोलायला उशीर झालेली ही मुलगी स्वर मात्र पटापट उचलत होती. वर्गात एखादे मूल गप्प बसते म्हणून त्याच्या डोक्यात काही चाललेले नाही असे समजणाऱ्यांसाठी हे एवढे उदाहरणही पुरेसे आहे.

वडिलांची शिकवण्याची पद्धत

फ्रीडरिश वीक हे कडक, रागीट आणि हट्टी गृहस्थ होते. पण शिक्षक म्हणून त्यांची पद्धत त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढची होती. रोज एक तास शिकवणी आणि दोन तास सराव. त्याहून जास्त नाही. आठ-आठ तास बोटे बडवून घेणे त्यांना मान्य नव्हते. रोज मोकळ्या हवेत लांब फिरायला जाणे हा अभ्यासाचाच भाग होता. सुरुवातीला पुस्तकातली स्वरलिपी समोर न ठेवता कानाने ऐकून छोटे तुकडे वाजवायला ते शिकवत. शहरात चांगला संगीताचा कार्यक्रम असला की क्लाराला घेऊन जात.

थोडी मोठी झाल्यावर केवळ पियानो नको, संगीताचे शास्त्रही यायला हवे म्हणून त्यांनी तिला वेगवेगळ्या शिक्षकांकडे पाठवले. रचनाशास्त्र, गायन, व्हायोलिन, वाद्यवृंदासाठी लेखन असे सगळे ती शिकली. त्या काळात मुलीला हे शिकवणे सोपी गोष्ट नव्हती. मुलींनी पाहुण्यांसमोर चार सुरेल तुकडे वाजवावेत एवढीच अपेक्षा असे.

याची किंमतही होती. क्लाराला शाळेत फारसे जायला मिळाले नाही. बरोबरीच्या मुलांसोबत खेळणे कमीच. आणि सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तिची रोजनिशी. ती सात वर्षांची असताना वडिलांनी तिच्या नावाने रोजनिशी सुरू केली आणि कित्येक वर्षे ते स्वतःच त्यात, जणू क्लाराच बोलते आहे अशा भाषेत, लिहीत राहिले. म्हणजे मी आज हे वाजवले, मी आज आळस केला, हे सगळे वडिलांनी मुलीच्या वतीने लिहायचे! मुलीला घडवणारे वडील तिच्या आतला आवाजही आपणच ठरवत होते. पालक म्हणून आपणही कधीकधी मुलांच्या प्रकल्पवहीत, भाषणात असेच घुसतो, नाही का?

रंगमंचावर पाऊल

२० ऑक्टोबर १८२८ रोजी, नऊ वर्षांची असताना, क्लारा लाइपझिगच्या गेवांडहाउस या प्रसिद्ध सभागृहात पहिल्यांदा वाजवायला बसली. तिथे तिने दुसऱ्या वादकाबरोबर एक जोडरचना वाजवली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८३० मध्ये, त्याच सभागृहात तिचा स्वतःचा कार्यक्रम झाला. १८३१ मध्ये तिच्या चार पोलोनेझ रचना छापल्या गेल्या. त्या वेळी ती अवघी अकरा वर्षांची होती. त्या काळी वादकाने स्वतः रचलेले काहीतरी कार्यक्रमात वाजवायचे अशी रीत होती आणि वडिलांचाही तसा आग्रह होता. त्यामुळे आपण रचना करावी की नाही, असा प्रश्न लहानपणी तिला पडलाच नाही. सगळे करतात तशी तीही करत होती.

याच काळात, १८३० मध्ये, रॉबर्ट शूमान नावाचा वीस वर्षांचा तरुण वीक यांच्याकडे पियानो शिकायला आला आणि त्यांच्याच घरी राहू लागला. पुढे हाताच्या दुखण्यामुळे त्याला वादक होण्याचे स्वप्न सोडावे लागले आणि तो रचनेकडे वळला.

कॉन्चेर्टोचा जन्म

जानेवारी १८३३ मध्ये क्लाराने वाद्यवृंद आणि पियानो यांच्यासाठी एक मोठी रचना लिहायला घेतली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस एक भाग तयार झाला. त्याची वाद्यवृंदाची मांडणी करायला रॉबर्ट शूमान यांनी मदत केली. हा एकच भाग तिने १८३४ मध्ये वाजवूनही पाहिला. पण तिचे समाधान झाले नाही. तिने त्याच्या आधी आणखी दोन भाग जोडले आणि त्यांची वाद्यवृंदाची मांडणी स्वतः केली. म्हणजे जो भाग सर्वात आधी लिहिला, तो शेवटचा भाग झाला.

९ नोव्हेंबर १८३५ रोजी गेवांडहाउसमध्ये हा संपूर्ण कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला गेला. पियानोवर क्लारा आणि वाद्यवृंदाचे संचालन करायला फेलिक्स मेंडेल्सोन. नुकताच सोळावा वाढदिवस झालेल्या मुलीची रचना आणि समोर त्या काळातला एक सर्वश्रेष्ठ संगीतकार! लुई श्पोर या ज्येष्ठ संगीतकाराला ही रचना तिने अर्पण केली आणि पुढे ती तिची सातवी प्रकाशित कृती म्हणून छापली गेली.

यात विशेष काय आहे ते साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. संपूर्ण रचना वीस-बावीस मिनिटांची आहे. तीन भागांमध्ये विराम नाही. एक भाग संपता संपता दुसऱ्यात मिसळतो. पहिला भाग दमदार चालीचा आहे, पण तो नेहमीसारखा पूर्ण वर्तुळ करून संपत नाही. मध्येच वळण घेऊन दुसऱ्या भागात शिरतो.

दुसरा भाग तर अगदी अनपेक्षित आहे. त्याचे नाव रोमान्स. इथे सगळा वाद्यवृंद गप्प होतो. आधी पियानो एकटाच गातो. मग फक्त एक चेलो त्याच्या सोबतीला येतो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ. एवढ्या मोठ्या सभागृहात, एवढे वादक बसलेले असताना, दोनच वाद्ये हळू आवाजात एकमेकांशी बोलत राहतात. हे धाडस कुणा अनुभवी संगीतकाराचे नाही, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे आहे. शेवटी टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याचा हलका गडगडाट ऐकू येतो आणि तिसरा भाग सुरू होतो. हा सर्वात लांब भाग नाचाच्या ठेक्याचा आणि वादकाच्या बोटांची परीक्षा पाहणारा आहे.

कौतुक झाले, पण...

क्लारा गावोगावी हा कॉन्चेर्टो वाजवत होती आणि श्रोत्यांना तो आवडत होता. १८३८ मध्ये व्हिएन्नाच्या राजदरबाराने अठरा वर्षांच्या क्लाराला मानाची पदवी दिली. परक्या देशातली, वेगळ्या पंथाची, त्यातून मुलगी, तरी तिला हा मान मिळाला.

पण रचनेबद्दलचे मत वेगळ्याच रस्त्याने चालले होते. कॉन्चेर्टो छापून आल्यावर एका नामांकित संगीतविषयक नियतकालिकात त्यावर लेख आला. त्याचा आशय असा होता की ही एका स्त्रीची रचना आहे, त्यामुळे तिचे खरेखुरे परीक्षण करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे वाईट म्हटले नाही, पण गंभीरपणे चांगलेही म्हटले नाही. आणि हे नियतकालिक कुणाचे होते? रॉबर्ट शूमान ज्याचे संपादक होते तेच!

शिक्षक म्हणून मला वाटते, या प्रकारची वागणूक टीकेपेक्षा वाईट असते. चूक दाखवली तर मूल सुधारते. पण तुझ्याकडून एवढेच खूप झाले, असे कौतुक केले की पुढे जायची वाटच बंद होते.

आणि तसेच झाले. १८३९ मध्ये, वीस वर्षांच्या क्लाराने रोजनिशीत लिहून ठेवले की आपल्यात रचनेची प्रतिभा आहे असे तिला पूर्वी वाटायचे, पण आता तिने तो विचार सोडला आहे. बाईने रचना करायची इच्छा धरू नये, आजवर कुणालाच ते जमलेले नाही, मग आपल्यालाच कसे जमेल, अशा अर्थाचे ते लेखन आहे. आता रोजनिशी तिच्या स्वतःच्या हातची होती. पण आवाज कुणाचा होता, हा प्रश्न उरतोच.

लग्न आणि संसार

क्लारा आणि रॉबर्ट यांना लग्न करायचे होते. वडिलांचा कडाडून विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेले. त्या काळात क्लाराला आधार मिळाला तो बर्लिनला राहणाऱ्या तिच्या आईचा. लहानपणी दुरावलेली आई अशी परत भेटली. अखेर न्यायालयाने परवानगी दिली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झाले.

रॉबर्ट यांना पत्नीच्या प्रतिभेची कदर होती. तिने लिहावे असे त्यांना वाटत होते. १८४१ मध्ये दोघांच्या मिळून बारा गीतांचा संग्रह निघाला, त्यात तीन गीते क्लाराबाईंची होती. पण रोजच्या जगण्यात अडचण साधी होती. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट लिहायला बसले की पियानो बंद ठेवावा लागे. चौदा वर्षांत आठ मुले झाली. त्यातला एक मुलगा वर्षभराचा होऊन गेला. मुलांचे संगोपन, घरखर्च, कार्यक्रमांचे दौरे यांतून उरलेल्या वेळात क्लाराबाईंनी रचना करायची होती.

तरीही त्यांनी १८४६ मध्ये पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी एक सुंदर रचना पूर्ण केली. १८४७ मध्ये दुसरा कॉन्चेर्टो सुरू केला, पण तो अपुराच राहिला. दरम्यान १८४५ मध्ये रॉबर्ट यांचा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण झाला. तो पहिल्यांदा वाजवला तो क्लाराबाईंनीच. गंमत म्हणजे तोही त्याच स्वरात, ए मायनरमध्ये आहे. तो जगभर गाजला, आजही गाजतो. दहा वर्षांपूर्वी त्याच स्वरात लिहिलेला मुलीचा कॉन्चेर्टो मात्र मागे पडला.

क्लाराबाई किती धीराच्या होत्या याचा एक प्रसंग. १८४९ मध्ये ड्रेस्डेन शहरात उठाव झाला. त्या पती आणि थोरल्या मुलीला घेऊन शहराबाहेर पडल्या. लहान मुले घरीच राहिली होती. गरोदर असलेल्या क्लाराबाई पहाटेच्या अंधारात, गोळीबार चालू असलेल्या शहरात परत गेल्या आणि मुलांना घेऊन आल्या.

पुढे ड्युसेलडॉर्फमध्ये जरा ऐसपैस घर मिळाले. तिथे पतीच्या कामात अडथळा न आणता काम करता येईल अशी जागा त्यांना मिळाली. लगेच परिणाम दिसला. १८५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी भराभर रचना केल्या. रचना करण्यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही, अशी नोंदही त्यांनी तेव्हा केली. चौदा वर्षांपूर्वी हा विचार सोडल्याचे लिहिणारी हीच बाई! म्हणजे प्रतिभा आटलेली नव्हती. तिला एक खोली आणि थोडा निवांतपणा हवा होता.

संकटांचा काळ

हा आनंद सहा-आठ महिनेच टिकला. फेब्रुवारी १८५४ मध्ये मानसिक आजाराने ग्रासलेल्या रॉबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले आणि बॉनजवळच्या एंडेनिश इथल्या रुग्णालयात ठेवले गेले. क्लाराबाई तेव्हा आठव्या मुलाच्या वेळी गरोदर होत्या. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना पतीला भेटू दिले गेले नाही. भेट झाली ती अगदी शेवटी, आणि २९ जुलै १८५६ रोजी रॉबर्ट यांचे निधन झाले.

सात मुले पदरात आणि कमावणारी एकटी बाई. क्लाराबाई पियानोवर उभ्या राहिल्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंड, रशिया असे दौरे केले. इंग्लंडला तर त्या एकोणीस वेळा गेल्या. साठ वर्षांच्या कारकिर्दीतल्या त्यांच्या तेराशेच्या आसपास कार्यक्रमांच्या पत्रिका आजही जपून ठेवलेल्या आहेत. समोर स्वरलिपी न ठेवता पाठांतरातून वाजवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांमध्ये त्या अग्रभागी होत्या. तरुण वयापासून त्यांच्या घरी येणारे योहानेस ब्राम्स आयुष्यभर त्यांचे जवळचे स्नेही राहिले आणि आपल्या नव्या रचना त्यांना आधी दाखवत राहिले.

या काळात त्यांनी कुणाचे संगीत वाजवले? बीथोव्हेन, शोपँ, मेंडेल्सोन, ब्राम्स आणि सर्वात जास्त तळमळीने रॉबर्ट शूमान. रॉबर्ट यांच्या संपूर्ण कृतींची आवृत्ती त्यांनी स्वतः संपादित केली. पतीचे संगीत जगात रुजवले ते मुख्यतः त्यांनीच. स्वतःच्या रचना मात्र त्या हळूहळू बाजूला ठेवत गेल्या. १८५६ नंतर तर त्यांनी जवळजवळ लिहिलेच नाही. दुसऱ्याचा दिवा जपणारे हात भक्कम होते, स्वतःच्या दिव्यात तेल घालायला मात्र कोणी राहिले नाही.

शिक्षिका क्लाराबाई

१८७८ मध्ये फ्रँकफर्टला नवे संगीत विद्यालय सुरू झाले. तिथे पियानोच्या प्रमुख शिक्षिका म्हणून क्लाराबाईंना बोलावले गेले. त्या वेळी तिथल्या अध्यापकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. त्यांच्या मुली मारी आणि ऑयगेनी नव्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेत. हात सैल ठेवा, आवाज आपटून काढू नका, संगीतकाराने लिहिले आहे तेच वाजवा, दिखाऊपणा नको, ही त्यांची शिकवण.

मार्च १८९१ मध्ये त्यांनी शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि १८९२ पर्यंत शिकवले. २० मे १८९६ रोजी फ्रँकफर्टमध्ये त्यांचे निधन झाले. बॉन इथे रॉबर्ट यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. आठपैकी चार मुलांचा मृत्यू त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत पाहिला होता.

त्यांच्या काही विद्यार्थ्यांचे वादन ध्वनिमुद्रित झालेले आहे. फॅनी डेव्हिस या त्यांच्या शिष्येने १९२८ मध्ये एका कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण केले. कुणाचा कॉन्चेर्टो? रॉबर्ट शूमान यांचा. बाईंनी तेच शिकवले होते.

कॉन्चेर्टो परत कसा आला

एखादी रचना विस्मरणात कशी जाते ते पाहा. वाजवली जात नाही म्हणून ध्वनिमुद्रण होत नाही. ध्वनिमुद्रण नाही म्हणून विद्यार्थी ऐकत नाहीत. विद्यार्थ्यांना माहीत नाही म्हणून शिकवली जात नाही. आणि शिकवली जात नाही म्हणून वाजवली जात नाही. पाठ्यपुस्तकातून गळलेल्या धड्यासारखेच हे आहे. मग लोक म्हणतात, चांगली असती तर टिकली असती की! पण टिकायला कुणीतरी टिकवावे लागते, जसे रॉबर्ट यांचे संगीत क्लाराबाईंनी टिकवले.

हे चक्र १९७० च्या दशकात मोडायला लागले. मायकेल पाँटी या अमेरिकन पियानोवादकाने रोमँटिक काळातल्या कितीतरी विसरलेल्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले, त्यात क्लाराचा हा कॉन्चेर्टोही होता. त्याच सुमारास संगीताच्या इतिहासात स्त्रियांनी काय रचले याचा अभ्यास जोमाने सुरू झाला. १९८५ मध्ये नॅन्सी राइख या अमेरिकन अभ्यासक बाईंनी क्लाराबाईंचे सविस्तर चरित्र लिहिले. त्यात पत्नी किंवा आई म्हणून नव्हे तर कलावंत म्हणून त्यांचा विचार झाला. स्वरलिपीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. अपुऱ्या राहिलेल्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचा भागही नंतर एका बेल्जियन पियानोवादकाने पूर्ण केला.

१९९० मध्ये जर्मनीने शंभर मार्कांची नवी नोट काढली. त्या नोटेवर चित्र होते क्लारा शूमान यांचे आणि मागच्या बाजूला पियानो. युरो येईपर्यंत ही नोट जर्मन लोकांच्या खिशात होती. २०१९ मध्ये त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. त्या वर्षी इसाता कॅनेह-मेसन या ब्रिटिश तरुणीने आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत फक्त क्लाराबाईंच्या रचना घेतल्या. सुरुवात अर्थातच याच कॉन्चेर्टोने. ब्रिटनमध्ये शास्त्रीय संगीताच्या यादीत ती ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर गेली. आता जगभरचे वाद्यवृंद हा कॉन्चेर्टो आपल्या कार्यक्रमात घेतात.

हा कॉन्चेर्टो निर्दोष आहे असे कोणी म्हणत नाही. वाद्यवृंदाला पहिल्या भागात तुलनेने कमी काम आहे, शेवटचा भाग जरा लांबला आहे, असे जाणकार सांगतात. पण हे खरेखुरे परीक्षण आहे. त्याच्या वाट्याला ते आले, पण फार उशिरा.

आपण यातून काय घ्यायचे?

१. क्लाराला उत्तम शिक्षण मिळाले. त्यात कसलीच कमतरता नव्हती. कमी पडला तो विश्वास. कौशल्य शिकवता येते, पण हे तुझे काम आहे असे मुलाला वाटायला लावणे ही वेगळी शिकवण आहे.

२. प्रत्येक वर्गात वहीच्या मागच्या पानावर कविता, चित्र, गोष्ट करणारी मुले असतात. विशेषतः मुली ते पटकन झाकतात. ते पान मागून वाचा. नुसते छान आहे म्हणून परत देऊ नका. कुठे आवडले, कुठे अडखळलो ते नीट सांगा. मुलांना कळते की आपले काम कुणीतरी खरे मानले आहे.

३. मुलींसमोर फक्त पहिली महिला अशी एकेक नावे ठेवून भागत नाही. आपल्याआधी पुष्कळ जणींनी हे केले आहे हे त्यांना माहीत हवे. आजवर कुणालाच जमले नाही असे क्लाराला वाटले, कारण आधीच्या जणींची नावे तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

४. पालकांनो, मुलांना मदत करा, पण त्यांची रोजनिशी त्यांनाच लिहू द्या.

वर्गात विचारण्यासाठी काही प्रश्न

- क्लाराच्या वडिलांच्या शिकवण्यातली कोणती गोष्ट तुम्हाला आवडली आणि कोणती नाही? का?
- चांगले काम आणि प्रसिद्ध काम यांत काय फरक आहे?
- तुमच्या घरात किंवा गावात, कुणी केलेले पण आता कुणाला आठवत नसलेले एखादे काम शोधून त्यावर दहा ओळी लिहा.
- क्लाराच्या कॉन्चेर्टोचा दुसरा भाग डोळे मिटून ऐका. दोन वाद्ये एकमेकांशी काय बोलत असतील, ते संवादाच्या रूपात लिहा.

शेवटच्या प्रश्नासाठी मोबाईलवर हा कॉन्चेर्टो सहज सापडतो. दुसरा भाग चार-पाच मिनिटांचाच आहे. परिपाठानंतर वर्ग शांत असताना एकदा जरूर लावून बघा. मुलांना आधी काही सांगू नका. ऐकून झाल्यावर मग सांगा की ही रचना तुमच्यापेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या एका मुलीने केली आहे.